आधीची बाई

"ही बाई अशक्त नाही," साहेब म्हणाले. "हिची फक्त बस चुकली आहे."

स्टुडिओत हशा पिकला. कोपऱ्यात जाहिरातींची अक्षरं रंगवणारे म्हातारे अक्षरकाकासुद्धा ब्रश वर धरून हसले. ज्याचं चित्र होतं तोही हसला. साहेबांच्या विनोदावर हसायचं नाही तर मग नोकरी कशाला करायची? पण त्याचे कान तापले होते. टॉनिकच्या जाहिरातीचं हे तिसरं चित्र परत आलं होतं.

जाहिरात साधीच होती. डावीकडे एक थकलेली, ओढलेली बाई आणि तिच्याखाली शब्द, 'आधी'. उजवीकडे तीच बाई टवटवीत, हसरी, आणि तिच्याखाली 'नंतर'. मधे बाटली. बाटली पहिल्या फटक्यात पास झाली होती. घोडं पेंड खात होतं ते 'आधी'पाशी.

"अरे, तुला आम्ही चेहरेवाला म्हणतो ते काय उगीच?" साहेबांनी कागद त्याच्या फळीवर टाकला. "परदेशी मासिकांच्या कात्रणांतून सुंदर बाई उचलायची, डोळ्यांखाली काळं फासायचं, की झाली आजारी! गिऱ्हाईक काय म्हणालं ठाऊक आहे? म्हणालं, हिला टॉनिक नको, एखादा नवरा बघून द्या. सोमवारी संध्याकाळपर्यंत मला खरी थकलेली बाई पाहिजे."

"खरी कुठून आणू साहेब?"

"डोळे उघडे ठेव. सापडेल."

तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि आठ वर्षं त्या स्टुडिओत होता. त्या काळी छापलेले फोटो मासिकाच्या कागदावर काळेठिक्कर पडत, म्हणून साबणापासून शिलाई मशीनपर्यंत सगळा माल हाताने काढलेल्या चित्रांवर खपायचा. एकेका चित्रावर तिघाचौघांचे हात फिरायचे. कोणी अक्षरं काढायचा, कोणी बाटल्या आणि डबे, आणि चेहरे याच्याकडे. आनंदी आई, समाधानी नवरा, दात दाखवणारं बाळ. झोपेतही काढले असते त्याने. थकलेला चेहरा मात्र आजवर कोणी मागितला नव्हता.

घरी तिघं राहत. थोरला भाऊ, ज्याला तो दादा म्हणे, टपालखात्यात पत्रं वाटण्या-लावण्याच्या कामावर होता. वहिनी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. आई गेल्यानंतर वर्षाच्या आत वहिनी या घरात आली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि हा नऊ वर्षांचा. पहिल्याच दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली होती, "भावोजी, जेवायला चला." कोणाला हाक मारली ते पाहायला त्याने मागे वळून बघितलं होतं. नाक पुसायची अक्कल नसलेल्या पोराला तिने अहो-जाहो केलं, ते आजतागायत. आणि पुढे दादाने त्याला टपालात चिकटवायचं ठरवलं, तेव्हा हीच मधे पडली होती. "त्यांच्या हातात काहीतरी आहे," ती म्हणाली होती. "पत्रं काय, कोणीही लावील." दादा पत्रं लावायचा हे बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि मग तिघंही हसत सुटले होते.

त्या रविवारी दुपारी दादा कामावर होता. वहिनी खिडकीशी मुलींच्या परीक्षेचे शिवणाचे तुकडे तपासत बसली होती. हा आत पाणी प्यायला आला आणि दारातच थांबला.

तिचा हात थांबलेला होता. तुकडे मांडीवरच होते. कोपर खिडकीच्या चौकटीवर, हनुवटी तळव्यावर, नजर बाहेर. पण ती बाहेरचंही काही बघत नव्हती. जुन्या तापात डावा कान गेल्यापासून ती उजवा कान जरा पुढे करूनच बसायची, तशी मान वळलेली. त्या वळणाने गळ्याची शीर ताणली गेली होती. डोळ्यांखाली खड्डे होते, पण ते काळे नव्हते, करडे होते. काळं फासून ते कधीच आले नसते. खालचा ओठ किंचित सुटलेला. कोणी बघत नसताना माणूस आपला चेहरा जसा खाली ठेवतो, तसा तिने तो ठेवला होता.

त्याने खिशातली वही काढली.

वीस मिनिटं लागली असतील. एकदाही खोडावं लागलं नाही. शीर उतरली, ओठ उतरला. बाहीच्या कोपरावर तिने स्वतःच रफू केलं होतं, आडव्या-उभ्या धाग्यांत मधेच तिरका टाका घेणारी तिची खास वीण होती ती. तीसुद्धा त्याने टाक्याटाक्याने उतरवली, कारण हात थांबायलाच तयार नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला होता. पुढे आयुष्यभर त्याला लाज वाटली ती त्या आनंदाची. वीस मिनिटांत एकदाही त्याच्या मनात आलं नाही की ही बाई दमली आहे, हिला उठून निदान चहा करून द्यावा.

ती भानावर आली. "काय काढताय भावोजी?"

"काही नाही. खिडकी."

"त्या खिडकीत काय मेलं बघण्यासारखं!" असं म्हणून तिने पुढचा तुकडा उचलला.

सोमवारी त्याने चित्र मोठ्या कागदावर घेतलं. नाक बदलायचं त्याने ठरवलंच होतं. अगदीच बेशरम नव्हता तो. नाक बदललं आणि चेहरा मेला. हनुवटी बदलली तर पुन्हा बस चुकलेली बाई. दोनदा खोडून शेवटी जसं होतं तसंच ठेवलं. जाहिराती सगळे बघतात, पण नीट कोण बघतो, अशी मनाची समजूत घातली.

मग उजवी बाजू. 'नंतर'ची बाई 'आधी'सारखी दिसायला हवी होती. एकोणीस वर्षांची वहिनी, दारात उभी राहून जेवायला बोलावणारी, ती आठवायचा त्याने प्रयत्न केला. आवाज आठवला. हात आठवला. चेहरा काही केल्या आठवेना. एकोणीस वर्षं एका घरात राहून त्याने तिला पहिल्यांदा पाहिलं होतं ते काल. शेवटी एका बिस्किटाच्या डब्यावरून त्याने हसरी बाई उचलली आणि तिच्या मानेला तसं वळण दिलं.

गिऱ्हाईकाने चित्र पाहिलं आणि म्हणे टेबलावर थाप मारली. "हीच ती!" साहेबांनी सगळ्या स्टुडिओसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला. अक्षरकाका मात्र चित्रापाशी बराच वेळ उभे होते. "कोण रे ही?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणी नाही. मनातली."

"मनातल्या बाईच्या बाहीला रफू नसतं," अक्षरकाका म्हणाले आणि आपल्या जागेवर गेले.

महिन्याभरात चौकातल्या उंच इमारतीवर फलक चढला आणि साप्ताहिकात पान छापून आलं. ते साप्ताहिक घरी यायचं. वहिनी त्यातल्या क्रमशः कादंबरीसाठी जीव टाकायची. त्या शनिवारी याने अंक आधी हस्तगत केला आणि ब्लेडने ते पान कापून घेतलं. पाठीमागे काय छापलंय ते बघायचं त्याला सुचलंच नाही.

संध्याकाळी वहिनीचा आवाज आला, "अहो भावोजी, कादंबरीचा शेवटच नाहीये हो यात! पानच गेलंय!"

ती समोरच्या काकूंकडे गेली आणि त्यांचा अंक मागून आणला. शेवट वाचला, डोळे पुसले. मग पान उलटलं.

चोराच्या मनात चांदणं. तो शेजारच्या खोलीत श्वास रोखून बसला होता. ती अंक घेऊन दारात आली.

"ही तुमच्या ऑफिसातली ना? काकू म्हणत होत्या, हुबेहूब तुझ्यासारखी दिसते."

"छे हो वहिनी. परदेशी मासिकातून उचललीय. आमचे सगळे चेहरे तिथूनच येतात."

"तेच म्हटलं मी. म्हटलं, आमच्या भावोजींनी मला काढलं असतं तर सांगितलं नसतं का?"

दादा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होता. बराच वेळ त्याने पान उलटलं नाही.

पुढच्या आठवड्यात जिन्यात पोरांचा नवा खेळ सुरू झाला. वहिनी पिशवी घेऊन वर चढताना एखादं पोर कठड्याआडून ओरडायचं, "आधी आली, आधी आली!" आणि सगळी खिदळत पळायची. एकदा तो तिच्या मागेच होता. आरोळी तिच्या डाव्या बाजूने आली. तिला ऐकू गेली नाही. ती तशीच चढत राहिली, आणि याने त्या बहिऱ्या कानाचे मनातल्या मनात आभार मानले. घरात पाऊल टाकल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली, पण पोरांना हाकलायला तो परत खाली गेला नाही.

मग एक दिवस डोकं दुखतं म्हणून तो दुपारीच घरी आला. शाळेचा दिवस होता, आणि वहिनी घरात. कपाटातले कपडे काढून पुन्हा घड्या घालत होती.

"आज सुट्टी?"

"नाही. सोडली शाळा."

"सोडली? म्हणजे?"

"सोडली म्हणजे सोडली. कालच लिहून दिलं." तिने एक घडी मोडली, पुन्हा घातली. "मुलींनी ते चित्र फळ्यावर चिकटवलं होतं. मी म्हटलं, अगं, ते माझ्या भावोजींनीच काढलंय, परदेशी मासिकातून घेतलंय. मोठ्या तोऱ्यात सांगितलं मी. तर पहिल्या बाकावरची एक उठली. हुशार आहे पोरगी. म्हणाली, बाई, ही बाही बघा. हे रफू आपलंच आहे. तिरका टाका तुम्हीच शिकवलात."

त्याला बसायला काहीतरी हवं होतं. खुर्चीवर कपडे होते.

"रागावलात तिला?"

"कशाला? शिकवलेलं लक्षात ठेवलं म्हणून शाबास म्हटलं."

"मग शाळा का..."

"फळ्याकडे तोंड केलं की मुलींकडे पाठ होते. पाठीमागे कोणी हसलं तरी मला कळत नाही, कान हा असला. इतकी वर्षं मला वाटायचं, कोणी हसत नाही. आता वाटतं, सगळ्याच हसताहेत." तिने पुढचा कपडा उचलला. "अठरा वर्षांत वर्गाची भीती वाटली नव्हती हो मला."

"वहिनी, मी..."

"विचारलं असतंत तर बसले असते मी तुमच्यासमोर. तोंड धुऊन बसले असते." मग तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "पण धुतलेलं तोंड तुम्हाला नकोच होतं. नाही का?"

तिने रडावं, ओरडावं, चार शब्द सुनवावेत, असं त्याला वाटत होतं. ती कपाटाकडे वळली आणि म्हणाली, "डोकं दुखत होतं ना? पडा जरा."

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. सगळं सांगितलं. चित्र काढून घ्या म्हणाला.

"काढून घेऊ?" साहेबांना खरंच कळेना. "अरे, खप दुप्पट झालाय! आता खोक्यावर छापणार आहेत ती. बायका दुकानात जाऊन म्हणतात, ती रडव्या बाईची बाटली द्या." मग त्यांचा चेहरा उजळला. साहेब वाईट माणूस नव्हते, एवढं म्हणायला हवं. "तुझी वहिनी आहे म्हणतोस? आधी बोलायचं नाही का! काहीतरी करू या तिच्यासाठी."

आणि त्यांनी केलं. शुक्रवारी संध्याकाळी हमाल एक लाकडी पेटी घेऊन दारात उभा राहिला. पेटीत गवतात गुंडाळलेल्या टॉनिकच्या बारा बाटल्या होत्या आणि वर एक सुरेख छापलेलं कार्ड, 'आमच्या आवडत्या बाईंना.' ते वाक्य अक्षरकाकांच्या हातचं होतं, हे त्याने वळणावरून ओळखलं.

वहिनी काकूंकडे गेली होती. पेटी दादाने उघडली. कार्ड वाचलं, खिशात घातलं. मग दोघा भावांनी एकेक करत सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. लालसर, गोड वासाचं पाणी बराच वेळ वाहत होतं.

"दादा, तुला कधी कळलं?"

"फलक चढला त्याच दिवशी. तेव्हापासून मागच्या गल्लीने येतोय मी कामावरून. लांब पडतं."

"मग मला काही बोलला का नाहीस?"

दादा बाटली उलटी धरून ती संपायची वाट बघत राहिला. "कोणत्या तोंडाने बोलू? एकोणीस वर्षं मी तिच्यासमोर बसून जेवतोय. तुला वीस मिनिटांत दिसलं, ते मला दिसलं नाही. तू निदान पाहिलंस तरी." त्याने बाटली खाली ठेवली. "तुझा राग आला होता. अजून येतो. पण आधी माझा येतो, मग तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर माझ्यात दम राहत नाही."

खोक्यासाठी चित्र पुन्हा काढायचं होतं. याने डाव्या बाजूला स्वतःचा चेहरा काढून दिला, आरशात बघून. खोल गेलेले डोळे, वाढलेली दाढी. तोही चेहरा खरा होता. साहेब चित्राकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. "थकलेला पुरुष बघून कोणी औषध विकत घेत नाही," ते शेवटी म्हणाले, तेही मऊ आवाजात. खोक्याचं काम दुसऱ्याकडे गेलं. त्या दुसऱ्या चित्रकाराने छापील पानावरूनच वहिनीची नक्कल केली. रफू म्हणजे छपाईतला डाग आहे असं समजून त्याने ते पुसून टाकलं.

चेहरेवाल्याने त्याच महिन्यात यंत्रांच्या माहितीपुस्तकांचं काम मागून घेतलं. पंप, झडपा, नट, बोल्ट. स्टुडिओत सगळ्यांना वाटलं, याचं डोकं फिरलं. नाव तेच राहिलं. नव्याने आलेल्या माणसाला अक्षरकाका सांगायचे, "हा आमचा चेहरेवाला. पंप काढतो." पुढच्या तीस वर्षांत त्याने माणसाचा चेहरा काढला नाही. स्वतःच्या मुलीने हट्ट धरला तेव्हासुद्धा नाही. तिला त्याने सायकल काढून दिली, साखळीच्या प्रत्येक कडीसकट.

वहिनी शाळेत परत गेली नाही. वर्षभराने तिने घरीच शिवणाचा वर्ग काढला. पहिल्या बाकावरची ती हुशार पोरगी सगळ्यात आधी आली, दारात उभी राहून रडली, आणि मग सात वर्षं येत राहिली. खोक्यावरची बाई दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी नव्याने काढायचं. नकलेची नक्कल होत होत शेवटी ती कोणाचीच राहिली नाही. जिन्यातली पोरं मोठी झाली, त्यांना स्वतःला बायका-मुलं झाली. सगळं विसरलं गेलं, असं म्हणायला हरकत नव्हती.

फक्त एक गोष्ट राहिली. तो खोलीत आला की वहिनीचा हात केसांकडे जायचा. पाठ ताठ व्हायची, हनुवटी वर यायची, ओठ मिटायचे, आणि मग ती हसून म्हणायची, "या भावोजी." तिने हे मुद्दाम कधीच केलं नसावं. तिला ते ठाऊकही नसावं. दादासमोर, काकूंसमोर, वर्गातल्या मुलींसमोर ती पूर्वीसारखीच सैल बसायची. एवढ्या जगात एका माणसासमोर तिला कधी विसावता येत नव्हतं, आणि तो माणूस तिने लहानाचा मोठा केला होता. म्हणून त्याने सवय लावून घेतली. तिच्या खोलीत शिरण्याआधी तो दाराबाहेर खोकायचा, दोन क्षण थांबायचा आणि मग आत जायचा. त्याच्या बायकोला वर्षानुवर्षं वाटायचं की यांची छाती नाजूक आहे.

दादा गेल्यावर चार वर्षांनी वहिनीने अंथरूण धरलं. रुग्णालयात तिला वरच्या मजल्यावर, खिडकीशेजारची खाट मिळाली होती. तो रोज दुपारी जायचा. एके दिवशी दाराशी पोचला तर नर्स बाहेर येत होती. "जा ना आत," ती म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

तो दारात उभा राहिला. वहिनी उजव्या कुशीवर होती, म्हणजे चांगला कान उशीत गेला होता. तिला काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. केस उशीवर पसरलेले. तोंड जरा उघडं. खिडकीतला उजेड थेट चेहऱ्यावर आला होता, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो चेहरा त्याच्यासमोर खाली ठेवलेला होता. हात अजून चांगले होते त्याचे. नजरही चांगली होती.

तो मागे फिरला. व्हरांड्यात येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि खोकला. आतून काही हालचाल झाली नाही. एक नर्स औषधांची गाडी ढकलत जवळून गेली आणि म्हणाली, "पाणी देऊ का, आजोबा?"

"नको," तो म्हणाला. "त्या उठल्या की सांगा. मी इथेच आहे."

मग तो बाकावर बसला आणि वाट बघत राहिला.